आधीचंच डोमेन होस्टेड साईटला जोडायचंय? पैसे नेमके कशाचे पडतात ते बघून घ्या

डोमेन आधीच घेऊन ठेवलंय, कुठल्यातरी रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, पडून आहे, आणि आता विक्स, वर्डप्रेस डॉट कॉम, ब्लॉगर, शॉपिफाय असल्या कुठेतरी साईट करून तिला तेच नाव लावायचंय. मग याचे वेगळे पैसे पडतात का? तर जोडण्याचे म्हणून वेगळे पैसे आजकाल जवळपास कुणीच घेत नाही, पैसे पडतात ते जोडायची परवानगी ज्या प्लॅनमध्ये आहे त्या प्लॅनचे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळलं नाही की माणूस एकतर नको ते विकत घेतो नाहीतर फुकट होणाऱ्या कामाला घाबरून बसतो.

पूर्वी हे उघड उघड वेगळं विकायचे. वर्डप्रेस डॉट कॉमवर डोमेन मॅपिंग नावाचं वर्षाला १३ डॉलरचं अपग्रेड होतं, बाकी साईट फुकट ठेवून तेवढंच घेता यायचं. विक्सचा कनेक्ट डोमेन नावाचा सगळ्यात खालचा प्लॅन होता, त्यात तुमचं डोमेन जोडलं जायचं पण साईटवर विक्सची जाहिरात तशीच झळकायची, म्हणजे पैसेही तुम्ही द्यायचे आणि जाहिरातही त्यांचीच. आता तसं सुटं मिळत नाही, ते प्लॅनच्या पोटात गेलंय. त्यामुळे "कनेक्ट युअर डोमेन, फ्री" असं लिहिलेलं दिसलं तरी खाली बारीक अक्षरात कुठल्या प्लॅनवर ते बघायचं.

बिलं किती आणि कुणाची

एक बिल रजिस्ट्रारचं, म्हणजे नाव तुमच्या नावावर ठेवायचं वार्षिक भाडं. साईट कुठेही करा, हे चालूच राहणार, यातून सुटका नाही. दुसरं होस्टिंगवाल्याचं, प्लॅन असेल तर. तिसरं ईमेलचं, जे बहुतेकांच्या हिशोबातच नसतं आणि नंतर तेच सगळ्यात जास्त त्रास देतं, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय. आणि डीएनएस, म्हणजे हे नाव कुठल्या सर्व्हरवर न्यायचं ते सांगणारी सोय, ती बहुतेक रजिस्ट्रार डोमेनबरोबर फुकटच देतात, "प्रीमियम डीएनएस" वगैरे साध्या साईटला अजिबात लागत नाही.

रजिस्ट्रारचा दर योग्य आहे की नाही हे कसं ओळखायचं? डॉट कॉमचं उदाहरण घ्या. डॉट कॉम चालवणारी कंपनी व्हेरिसाइन, ती रजिस्ट्रारकडून एका नावाचे वर्षाला ठरावीक पैसे घेते, सप्टेंबर २०२४ पासून तो घाऊक दर १०.२६ डॉलर झाला. त्यावर आयकॅनची, म्हणजे डोमेन नावांची जगभरची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेची, अगदी किरकोळ फी, आधी १८ सेंट होती, जुलै २०२५ पासून २० सेंट. म्हणजे साडेदहा डॉलरच्या आसपास रजिस्ट्रारची स्वतःची खरेदी आहे. मग पहिल्या वर्षी एखादा कवडीमोल भावात देत असेल तर तो पदरचे पैसे घालतोय आणि ते दुसऱ्या वर्षीपासून वसूल करणार हे उघड आहे, आणि रिन्यूअलला जर दुप्पट घेत असेल तर तुम्ही सवयीचे पैसे भरताय. तुमचं डोमेन जुनं आहे म्हणजे तुम्ही रिन्यूअलच्याच दरात आहात, पहिल्या वर्षाच्या ऑफरशी तुमचा काही संबंध नाही, तेव्हा जाहिरातीतला मोठा आकडा सोडा आणि रिन्यूअलचा आकडा शोधा.

कुणाकडे फुकट, कुणाकडे प्लॅन घ्यावाच लागतो

ब्लॉगरवर स्वतःचं डोमेन फुकट लावता येतं, पूर्वीपासून. खर्च फक्त डोमेनच्या रिन्यूअलचा. जोडल्यावर जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता आपोआप नव्या पत्त्याकडे वळतो, म्हणजे आधी शेअर केलेल्या लिंका मरत नाहीत. गूगल साईट्सवरही तसंच, डोमेन जोडायला पैसे नाहीत, पण डिझाईनला फार वाव नाही, चार पानांची माहितीवजा साईट असेल तर भरपूर झालं.

थोडं टेक्निकल जमत असेल तर गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस, नेटलिफाय हे सगळे फुकटच्या प्लॅनवर स्वतःचं डोमेन घेतात आणि एसएसएलही, म्हणजे साईट सुरक्षितपणे https ने उघडायचं सर्टिफिकेटही, लावून देतात. वर्सेलचा हॉबी प्लॅनसुद्धा घेतो पण तो धंद्यासाठी वापरायचा नाही अशी त्यांची अट आहे. गिटहब पेजेसचंही तेच, त्यावर दुकान थाटायचं नाही, आणि साईट १ जीबीच्या आत, महिन्याला १०० जीबी ट्रॅफिकच्या आत ठेवा असं त्यांचं म्हणणं आहे. एका माणसाच्या साध्या साईटला एवढं संपतासंपत नाही. अडचण एवढीच की इथे ओढून-सोडून पानं बनवता येत नाहीत, तयार फाईल चढवाव्या लागतात.

विक्स, वीबली, वर्डप्रेस डॉट कॉम, इथे फुकटच्या साईटला त्यांचाच पत्ता मिळतो, स्वतःचं डोमेन लावायचं तर पैशाचा प्लॅन लागतोच. डोमेन त्यांच्याकडून घेतलेलं असो की बाहेरून, नियम तोच. स्क्वेअरस्पेसवर फुकट प्लॅनच नाही, ट्रायल संपली की पैसे, पण मग बाहेरचं डोमेन जोडायचे वेगळे घेत नाहीत. शॉपिफायचंही तसंच, दुकानाचा प्लॅन भरताय ना, मग बाहेरचं डोमेन जोडा, वर काही नाही.

साधारण अंदाज द्यायचा तर डोमेनचं वर्षाचं रिन्यूअल एक भाग धरला तर बिल्डरचा, म्हणजे विक्ससारख्या साईट करून देणाऱ्या कंपनीचा, सगळ्यात खालचा प्लॅन वर्षाला तीन-चार भागांपासून पंधरा भागांपर्यंत कुठेही जातो. म्हणजे खरा खर्च डोमेनचा नाहीच. लोक डोमेन दोन डॉलरने कुठे स्वस्त मिळतंय यावर रात्र घालवतात आणि प्लॅन मात्र पहिला दिसला तो घेतात, ते उलटं करायला पाहिजे.

प्लॅन बघताना महिन्याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो पण तो बहुतेकदा वर्षाचे एकदम भरले तरचा असतो, महिन्या-महिन्याने भरलं तर आकडा वाढतो. दुसरं, पहिल्या मुदतीचा दर वेगळा आणि रिन्यूअलचा वेगळा असू शकतो. तीन वर्षांची बेरीज करून बघा: डोमेनची तीन रिन्यूअल, प्लॅनचं पहिलं वर्ष ऑफरच्या दराने, पुढची दोन पूर्ण दराने, आणि मेलबॉक्स लागणार असेल तर तीन वर्षांचा मेलबॉक्स. मग दोन-तीन कंपन्यांच्या बेरजा शेजारी ठेवा. पहिल्या वर्षी स्वस्त दिसणारी बऱ्याचदा तीन वर्षांत महाग निघते.

"एक वर्ष डोमेन फ्री" आपल्याला लागू नाही

वार्षिक प्लॅनबरोबर पहिल्या वर्षी डोमेन फुकट, ही ऑफर बरेच बिल्डर देतात. ती नवीन डोमेन रजिस्टर करण्यासाठी असते, तुमच्याकडे असलेलं डोमेन जोडलं म्हणून तेवढे पैसे कुणी कापून देत नाही. काही जण मग "फुकट आहे तर घेऊन टाकू" म्हणून दुसरंच एखादं नाव घेऊन ठेवतात आणि पुढच्या वर्षी दोन डोमेनचं रिन्यूअल लागतं, शिवाय ऑटो रिन्यू चालूच असतं त्यामुळे पैसे गेल्यावरच कळतं. फुकटचं नाव खरंच कामाचं असेल, म्हणजे तुमच्याच नावाचं वेगळं स्पेलिंग किंवा वेगळं एक्स्टेन्शन (डॉट कॉमऐवजी डॉट नेट असं), तर घ्या, नाहीतर ऑफर तशीच जाऊ द्या, काही बिघडत नाही.

जोडायचं की ट्रान्सफर करायचं

बिल्डरच्या सेटिंगमध्ये गेलात की साधारण दोन बटणं दिसतात, एक कनेक्टचं आणि एक ट्रान्सफरचं, आणि ट्रान्सफरचं बटण बऱ्याचदा जास्त ठळक असतं. मोबाईल नंबरसारखं समजा: कनेक्ट म्हणजे नंबर आहे त्याच कंपनीकडे ठेवून कॉल दुसरीकडे वळवणं, ट्रान्सफर म्हणजे नंबरच पोर्ट करून नेणं. साईट चालण्यासाठी ट्रान्सफरची काहीही गरज नसते.

माझं मत विचाराल तर डोमेन आणि साईट वेगवेगळ्या ठिकाणीच ठेवा. उद्या बिल्डरने दर वाढवले किंवा तुमचं मन बदललं तर रेकॉर्ड, म्हणजे डीएनएसमधल्या नोंदी, बदलले की साईट दुसरीकडे, कुणाची परवानगी नको. सगळं एकाच खात्यात असेल आणि त्या खात्याचंच काही वाजलं, कार्ड फेल झालं, खातं लॉक झालं, तर साईट, नाव, कधीकधी मेल, सगळं एकदम अडकतं.

तरी ट्रान्सफर करायचंच असेल, कारण सध्याचा रजिस्ट्रार रिन्यूअलला फार घेतोय, तर डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग वगैरेंचा नियम असा की ट्रान्सफरची जी फी भरता त्यात एक वर्षाची मुदत वाढून मिळते, म्हणजे ती फी म्हणजे रिन्यूअलच, पैसे वाया जात नाहीत. राहिलेली मुदतही जात नाही, फक्त एकूण १० वर्षांच्या पुढे जाता येत नाही. डोमेन नवीन घेतल्यावर किंवा एकदा ट्रान्सफर झाल्यावर ६० दिवस साधारणपणे पुन्हा हलवता येत नाही. रजिस्ट्रारकडे लॉक काढायचा, ऑथ कोड, म्हणजे ट्रान्सफरचा पासवर्ड, घ्यायचा, नव्याकडे तो टाकायचा, मेलवर आलेलं कन्फर्म करायचं, आणि मग जुन्या रजिस्ट्रारने स्वतःहून सोडलं नाही तरी पाचेक दिवसांत होऊन जातं. देशांच्या एक्स्टेन्शनना हे सगळं लागू होईलच असं नाही.

यातली एक गोम लक्षात ठेवा. डोमेन एक्सपायर झाल्यावर रिन्यू केलं आणि लगेच, म्हणजे ४५ दिवसांच्या आत, दुसरीकडे ट्रान्सफर केलं, तर ते रिन्यू केलेलं वर्ष रद्द होऊन फक्त ट्रान्सफरचं वर्ष शिल्लक राहू शकतं, आणि आधी भरलेले पैसे रजिस्ट्रार परत करेलच असं नाही. म्हणून ट्रान्सफर करायचं तर एक्सपायरीच्या महिना-दोन महिने आधी करा.

अजून एक, गूगल डोमेन्सकडून कधीकाळी नाव घेतलेलं असेल तर तो धंदा २०२३ मध्ये स्क्वेअरस्पेसने घेतला, त्यामुळे तुमचं डोमेन आता तिकडे असेल. पण म्हणून साईटही स्क्वेअरस्पेसवरच करायला पाहिजे असं मुळीच नाही, नाव तिथे आणि साईट ब्लॉगरवर असं बिनधास्त चालतं.

आता प्रत्यक्ष जोडायचं कसं

आधी रजिस्ट्रारच्या खात्यात लॉगिन होतंय का ते बघा. हसू नका, निम्म्यांचं घोडं इथेच अडतं, डोमेन कुणीतरी करून दिलेलं असतं आणि खातं त्याच्या मेलवर असतं. साईट बनवून देणाऱ्याने स्वतःच्या खात्यात तुमचं डोमेन घेतलेलं असेल तर प्लॅन विकत घेण्याआधी ते तुमच्या खात्यात आणून घ्या. एकाच रजिस्ट्रारच्या दोन खात्यांमध्ये हलवणं बहुतेकदा फुकट असतं. रजिस्ट्रार कोण तेच आठवत नसेल तर आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकून कळतं, तिथे एक्सपायरीची तारीखही दिसते.

तारीख जवळ आली असेल तर आधी रिन्यू करा मग बाकीचं. डॉट कॉमसारखी नावं एक्सपायर झाल्यावर रजिस्ट्रार थोडे दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करू देतो, पण तिथून पुढे गेलं की ३० दिवसांची रिडेम्पशनची मुदत सुरू होते आणि त्यात नाव सोडवायचं तर दंडासकट रिन्यूअलच्या कितीतरी पट पैसे मागतात. त्यानंतर ५ दिवसांनी नाव सगळ्यांसाठी मोकळं होतं, आणि चांगलं नाव असेल तर टपून बसलेले असतातच.

मग डीएनएसच्या पानावर जाऊन आत्ता जे जे रेकॉर्ड आहेत त्या सगळ्यांचा स्क्रीनशॉट काढा. सगळ्यांचा. हे पाच मिनिटांचं काम पुढचे दोन दिवस वाचवतं. तिथेच टीटीएल नावाचा आकडा दिसेल, तो सेकंदांत असतो, ८६४०० असेल तर पूर्ण एक दिवस जुना पत्ता लोकांकडे साठून राहतो, तो आदल्या दिवशी ३०० वगैरे करून ठेवा म्हणजे बदल पटकन दिसतो. काम झालं की परत वाढवा.

आता बिल्डरच्या साईटवर सेटिंगमध्ये डोमेन टाका, तो दोनपैकी एक गोष्ट सांगेल. एकतर नेमसर्व्हर (तुमच्या डोमेनचा डीएनएस ज्या सर्व्हरवर असतो ते) बदला, नाहीतर रेकॉर्ड टाका. नेमसर्व्हर बदलणं सोपं दिसतं, दोन-तीन ओळी कॉपी-पेस्ट, पण त्यात तुमच्या डोमेनचा सगळा डीएनएस बिल्डरच्या ताब्यात जातो आणि जुने रेकॉर्ड, मेलचे धरून, तिकडे आपोआप जातीलच याची खात्री नसते. रेकॉर्डच्या पद्धतीत फक्त साईटपुरते दोन-तीन रेकॉर्ड बदलायचे, बाकी सगळं जागच्या जागी. मेल किंवा दुसरं काहीही त्या डोमेनवर चालू असेल तर डोळे झाकून रेकॉर्डची पद्धत घ्या. नेमसर्व्हर बदलणारच असाल आणि डोमेनवर डीएनएससेक, म्हणजे डीएनएसची उत्तरं खरी आहेत का ते तपासायची सोय, चालू असेल तर आधी रजिस्ट्रारकडे तिचा डीएस रेकॉर्ड काढून टाका, तो तसाच राहिला तर बऱ्याच लोकांना साईट उघडणारच नाही आणि कारण शोधता शोधता जीव जाईल.

रेकॉर्डमध्ये साधारण असं असतं: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी एक सीनेम रेकॉर्ड, जो बिल्डरच्या कुठल्यातरी नावाकडे बोट दाखवतो, आणि नुसत्या डोमेनसाठी, म्हणजे पुढे काहीही नसलेल्यासाठी, ए रेकॉर्ड, ज्यात आयपी आकडे, म्हणजे सर्व्हरचा पत्ता. नुसत्या डोमेनला सीनेम टाकता येत नाही, तो डीएनएसचा मूळ नियमच आहे, म्हणून ए रेकॉर्ड लागतो. काही डीएनएसवाले एलियास किंवा एनेम नावाने सोय देतात, क्लाउडफ्लेअर सीनेम फ्लॅटनिंग म्हणतो, कामं तीच. आकडे बिल्डरच्या मदत पानावरूनच घ्या, इकडून तिकडून जुन्या लेखातले घेऊ नका, ते बदलतात. ब्लॉगरला याशिवाय एक जास्तीचा सीनेम लागतो, डोमेन तुमचंच आहे हे सिद्ध करायला, तो प्रत्येकाचा वेगळा असतो आणि एरर आल्यावरच स्क्रीनवर दिसतो, त्यामुळे एरर आला म्हणून घाबरू नका, त्या एररमध्येच पुढची पायरी लिहिलेली असते.

जुन्या होस्टिंगचा ए रेकॉर्ड काढा, आणि त्याच नावाचा एएएए रेकॉर्ड असेल तर तोही काढा. हा सगळ्यात जास्त विसरला जातो. तो आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा आयपी पत्ता असतो, तो राहिला की काही लोकांना नवी साईट दिसते आणि काहींना जुनी, आणि तुमच्या मोबाईलवर एक आणि वायफायवर दुसरी असला भुताटकीचा प्रकार सुरू होतो. तसंच सीएए नावाचा रेकॉर्ड दिसला तर त्यात कुठल्या कंपनीने सर्टिफिकेट द्यायचं ते बांधलेलं असतं, नव्या बिल्डरचा सर्टिफिकेटवाला त्यात बसत नसेल तर एसएसएल काही केल्या लागत नाही.

मग थांबा. बऱ्याचदा तासाभरात होतं, कंपन्या २४ ते ४८ तास सांगतात ते सेफ साईडला. त्या वेळात रेकॉर्डशी खेळत बसू नका, दर दहा मिनिटांनी बदलत राहिलं तर नक्की कशाने झालं की बिघडलं हेच कळत नाही. झाल्यावर बिल्डरमध्ये प्रायमरी कुठलं ते निवडा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवालं की नुसतं, आणि दुसरं त्याच्याकडे वळतंय ना ते दोन्ही टाइप करून बघा.

ईमेल

आता ते तिसरं बिल. तुमच्या डोमेनवर आत्ता मेल चालू आहे का? म्हणजे इन्फो ऍट तुमचं-नाव असला पत्ता? असेल तर तो कुठून चालतो ते आधी शोधा. बऱ्याच जणांचा मेल जुन्या शेअर्ड होस्टिंगबरोबर फुकटात आलेला असतो, आणि साईट बिल्डरवर नेली की "आता जुनं होस्टिंग कशाला" म्हणून ते बंद करतात, आणि त्याच क्षणी मेलबॉक्स आतल्या सगळ्या मेलसकट गायब. बिल्डर स्वतः मेलबॉक्स सहसा फुकट देत नाहीत, ते गूगल वर्कस्पेस किंवा तसलंच काहीतरी विकतात, माणशी महिन्याला पैसे. तीन-चार जणांचा मेल असेल तर हा खर्च कधीकधी साईटच्या प्लॅनएवढा होऊन बसतो. म्हणून जुनं होस्टिंग स्वस्त असेल तर फक्त मेलसाठी ते चालू ठेवणं हाही हिशोबात बसणारा पर्याय आहे, दिसायला विचित्र वाटेल पण चालतं.

नुसता मेल यावा एवढंच हवं असेल तर फॉरवर्डिंग पुरतं. बरेच रजिस्ट्रार ते फुकट देतात, क्लाउडफ्लेअरवर डीएनएस असेल तर त्यांचं ईमेल राउटिंगही फुकट आहे, आलेला मेल तुमच्या नेहमीच्या इनबॉक्समध्ये जातो. त्या पत्त्यावरून पाठवता मात्र येत नाही, त्याला वेगळी सोय लागते.

नेमसर्व्हर बदलत असाल तर एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे यायचा ते सांगणारा), आणि एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कचे टीएक्सटी रेकॉर्ड (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणारे) स्क्रीनशॉटमधून बघून नवीन जागी एक एक करून टाका, आणि नेमसर्व्हर बदलायच्या आधी टाका. एमएक्स राहिला तर मेल येणं बंद, ते लगेच कळतं. टीएक्सटी राहिले तर मेल जातो पण समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतो, आणि हे महिनाभर कळत नाही. एसपीएफचा रेकॉर्ड एका डोमेनला एकच ठेवायचा, नवीन सेवेचा वेगळा दुसरा टाकला तर दोन्ही निकामी, असलेल्यातच भर घालायची.

हे गळ्यात मारलं तर नको म्हणा

एसएसएलचे वेगळे पैसे भरायचे दिवस गेले. लेट्स एनक्रिप्टने २०१५ पासून सर्टिफिकेट फुकट द्यायला सुरुवात केली आणि वर सांगितलेले सगळे होस्टेड प्लॅटफॉर्म डोमेन जोडलं की ते आपोआप लावतात, आपोआप रिन्यूही करतात. रजिस्ट्रार चेकआउटला एसएसएल टिक करून ठेवतो, ते काढा, होस्टेड साईटला रजिस्ट्रारकडचं एसएसएल लावताही येत नाही बहुतेक ठिकाणी. पण साईटला एसएसएल असणं मात्र गरजेचं आहे, २०१८ च्या जुलैपासून क्रोम ते नसलेल्या साईटला "नॉट सिक्युअर" दाखवतो, त्यामुळे जोडल्यावर ते आलंय का ते बघा.

प्रायव्हसी, म्हणजे मालकाचं नाव-पत्ता लपवणं, बरेच रजिस्ट्रार आता फुकट देतात, तुमचा अजून वेगळे पैसे घेत असेल तर ते रजिस्ट्रार बदलायला पुरेसं कारण आहे. डोमेन ट्रॅफिक बूस्टर, सर्च इंजिन सबमिशन असली नावं दिसली की पुढे चला.

आणि एक जुगाड सांगतात लोक: प्लॅन घ्यायचा नाही, रजिस्ट्रारकडून फुकट फॉरवर्डिंग लावायचं आणि डोमेन टाइप केलं की बिल्डरच्या फुकट पत्त्यावर न्यायचं. होतं, पैसे पडत नाहीत, व्हिजिटिंग कार्डावर छापायला चालतं. पण ब्राउझरमध्ये शेवटी बिल्डरचाच लांबलचक पत्ता दिसतो आणि गूगलमध्येही तोच येतो. पत्ता झाकायचा मास्किंगचा पर्याय असतो, तो घेऊ नका, त्यात साईट एका चौकटीत उघडते, मोबाईलवर नीट दिसत नाही आणि आतल्या पानांना स्वतःचे पत्ते राहत नाहीत. साईट टिकेल की नाही हेच माहीत नसेल तर काही महिने साधं फॉरवर्डिंग लावून बघायला हरकत नाही, नंतर प्लॅन घेऊन नीट जोडता येतं.

एका डोमेनवर दोन साईट हव्या असतील, समजा मुख्य साईट बिल्डरवर आणि ब्लॉग ब्लॉगरवर, तर सबडोमेन, म्हणजे डोमेनच्या आधी "ब्लॉग डॉट" असं काही लावलेला पत्ता, करा. त्याचे रजिस्ट्रार पैसे घेत नाही, एक सीनेम टाकायचा की झालं. पण दोन्ही साईट एकाच पैशाच्या बिल्डरवर हव्या असतील तर बहुतेक ठिकाणी प्रत्येक साईटला वेगळा प्लॅन लागतो, डोमेन एकच असलं तरी.

सोडून जाताना

प्लॅन बंद केला की डोमेन तुमचंच राहतं, फक्त त्यावर साईट दिसत नाही. वर्डप्रेस डॉट कॉमचा फुकटचा पत्ता जुना असेल आणि तो नव्या होस्टकडे वळवत ठेवायचा असेल तर त्याचं साईट रिडायरेक्ट नावाचं वेगळं अपग्रेड आहे, पैशाचं. पहिल्यापासून स्वतःच्या डोमेनवरच लिंका शेअर केल्या असतील तर ते लागत नाही.

बिल्डरकडूनच "एक वर्ष फुकट" वालं डोमेन घेतलेलं असेल तर प्लॅन बंद करण्याआधी त्या डोमेनचं रिन्यूअल वेगळं चालू आहे का ते बघा, दोन्हीची सबस्क्रिप्शन वेगळी असतात आणि रागारागात सगळं कॅन्सल करताना नावही हातचं जातं. आणि प्लॅन बंद केल्या दिवशी डीएनएसमधून त्यांचे सीनेम आणि ए रेकॉर्ड काढून टाका. ते तसेच राहिले तर त्याच प्लॅटफॉर्मवर दुसरा कुणीतरी खातं उघडून तुमच्या सबडोमेनवर स्वतःचं काहीही चढवू शकतो, गिटहब पेजेससारख्या ठिकाणी असले प्रकार बरेच झालेत, म्हणून गिटहबने डोमेन व्हेरिफाय करून ठेवायची सोय दिलीय. ती फुकट आहे, खात्याच्या सेटिंगमध्ये पेजेसच्या खाली सापडेल, एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकावा लागतो.